सहीच्या वर दोन बोटं

"पन्नास पुरतील?" पेनाचं टोपण काढता काढता मास्तरांनी विचारलं.

"साठ करा जी. पोलीस भरती निघाली आहे, लोक रांगेनं येतील."

मास्तर हसले आणि खुर्ची पुढे ओढून सह्या करायला बसले. कागद कोरे. वरती फक्त छापलेलं नाव, 'चिंतामण कुळसंगे, विधानसभा सदस्य', आणि खाली, जिथे पत्र संपायचं, तिथे त्यांची सही. मधला मजकूर नंतर मी टाइप करायचा. मुंबईत आमदार निवासाच्या चौथ्या मजल्यावर आमची खोली होती आणि त्या मजल्यावरच्या बहुतेक खोल्यांत हेच चालायचं. आमदार गावी निघाला की पीएकडे सही केलेले कोरे लेटरहेड ठेवून जायचा. नाहीतर कोणाच्या पोराचा वसतिगृहातला प्रवेश, कोणाच्या म्हाताऱ्याला दवाखान्यात खाट, ही कामं अडून पडायची. आम्हा कोणालाच त्यात काही वावगं वाटत नसे.

या कामात एक कसब आहे. ते सांगतो, कारण मला त्याचा तेव्हा फार ताठा होता. सही आधीच झालेली असते. मजकूर असा बसवायचा की तो सहीच्या दोन बोटं वर संपला पाहिजे. फार वर संपला तर मधली जागा रिकामी दिसते आणि समोरच्या कारकुनाला शंका येते. खाली उतरला तर अक्षरं सहीवर चढतात. बाकीचे पीए ओळी मोजायचे, मी नुसत्या नजरेनं बसवायचो. भाषाही मास्तरांचीच: छोटी वाक्यं, 'कृपया' एकदाच, आणि शेवटी ठरलेली ओळ, 'मुलगी माझ्या ओळखीची नाही, पण हुशार आहे.' मुलगा असला तर मुलगा. मला वर्षभरात ते इतकं जमलं होतं की कुठलं पत्र त्यांनी सांगितलेलं आणि कुठलं माझ्या मनचं, हे त्यांनाही ओळखू येत नसे.

"तुले कोरा कागद देला तरी तू वाचून दाखवशील, हेमराज," असं ते म्हणायचे. मी खूश व्हायचो.

मी हेमराज बोरकुटे. मास्तरांच्याच तालुक्यातला, त्यांच्याच शाळेत चौथीपर्यंत शिकलेला. ते सत्तावीस वर्षं जंगलातल्या शाळांवर मास्तर होते, म्हणून आमदार झाल्यावरही मास्तरच. त्यांचा पक्ष जंगल परिषद. त्या पक्षाचा विधानसभेत एकच माणूस. अध्यक्ष ते, गटनेते ते, व्हिप काढायचा झाला तर तो त्यांनी स्वतःलाच काढायचा. पण त्या वर्षी सरकार तेरा पक्षांचं होतं आणि एकेका माणसाला सोन्याचा भाव आला होता.

मास्तरांनी पाठिंब्याला एकच अट घातली होती. आमच्या भागात कोसारीचं धरण होणार होतं. आहे त्या उंचीला जंगल बुडत होतं, गावं वाचत होती. उंची चार मीटरनं वाढवली की बारा गावं पाण्यात जाणार होती, आणि ते वाढीव पाणी आम्हाला नव्हे, शेजारच्या राज्याला जाणार होतं. 'उंची वाढवणार नाही' ही ओळ तेरा पक्षांच्या किमान समान कार्यक्रमात मास्तरांनी लिहून घेतली होती. नवव्या पानावर. ते पान त्यांना पाठ होतं.

मग दिल्लीत गाडं फिरलं. तिथेही कडबोळंच होतं, आणि शेजारच्या राज्यातल्या एका पक्षाच्या खासदारांवर ते उभं होतं. त्यांना पाणी हवं होतं. दिल्लीनं आमच्या सरकारवर दाब आणला आणि नवव्या पानाबद्दल मंत्री लोक गुळमुळीत बोलायला लागले. त्यातच आमच्या तेरातला एक पक्ष रुसून बाहेर पडला. सरकार काठावर आलं. राज्यपालांनी मुख्यमंत्र्यांना सांगितलं, चौदा फेब्रुवारी, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत प्रत्येक मित्रपक्षाचं पाठिंब्याचं पत्र आणून द्या.

म्हणून मास्तर त्या अकरा तारखेला गावी निघाले होते. पाठिंबा ठेवायचा की काढायचा, हे ते बारा गावांना विचारणार होते.

"दोन दिवसांत सभा होईल जी?" मी विचारलं.

"आपल्याकडे मतं मोजत नाही, तुले ठाऊक आहे. सगळ्यायचं एक होईस्तोवर उठाचं नाही. एक म्हातारी जरी नाही म्हणाली तरी बसून राहाचं."

"पण राज्यपालांची मुदत चौदाची आहे."

"ती त्यायची मुदत. गावाची मुदत गावापाशी." त्यांनी साठावी सही केली, त्यातलेच चार-पाच कागद स्वतःच्या पिशवीत टाकले आणि बाकीचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. "मी येईन पंधराच्या सकाळी. तोवर कोणाले हो म्हणू नको, नाही म्हणू नको. नागपूर स्टेशनवरून फोन करतोच."

फोन ते नेहमीच करायचे. गाडीत बसण्याआधी नागपूर स्टेशनवरून खोलीवर फोन, आणि पहिला प्रश्न 'जेवला का?' हाच.

चौदा तारखेला दुपारी तीनच्या सुमारास अप्पासाहेब रणनवरे आमच्या खोलीत आले. संसदीय कामकाज मंत्री. असा माणूस कोणाच्या खोलीवर येत नाही, बोलावून घेतो. मी बनियनवर होतो. शर्ट चढवेपर्यंत ते मास्तरांच्या पलंगावर बसलेसुद्धा.

"बसा हो बोरकुटे, बसा. आम्ही काय परके आहोत का?"

मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी मंत्री अहोजाहो करत होता. मी खुर्चीच्या टोकावर बसलो.

"मास्तरांचा मघाशी फोन झाला," ते म्हणाले. "नागपूर स्टेशनवरून. म्हणाले, गावांनी सरकारसोबत राहायचं ठरवलं. गाडीत बसतोय, उद्या पोचतो. पण बोरकुटे, उद्या काय करायचंय? आज पाचला राजभवनात पत्र लागतं."

"मला नाही आला फोन."

"लाइन लागली नसेल. आमची लागली."

त्यांनी खिशातून सुपारी काढली, अडकित्त्यानं बारीक कातरली आणि मला पुढे केली. मी घेतली.

"बघा, तुम्ही जाणते आहात, तुम्हाला वेगळं काय सांगायचं. एक पत्र कमी पडलं की राज्यपालांचा अहवाल दिल्लीला जाणार. दिल्लीवाले टपूनच बसलेत. राष्ट्रपती राजवट लावतील. मग इथला कारभार कोणाच्या हातात? त्यांच्याच. आणि तुमचं धरण? एका सहीत चार मीटर वाढेल. आम्ही वाईट असू, पण आमच्याकडे तुमचं नववं पान तरी आहे. त्यांच्याकडे काय आहे?"

खरं सांगतो, मला हे पटलं. आजही त्यातला तर्क मला खोडता येत नाही.

"मास्तर आल्याशिवाय मी काय करू साहेब?"

अप्पासाहेबांनी टेबलाकडे पाहिलं. गठ्ठा तिथेच होता, वर काचेचा पेपरवेट. "तुम्ही रोज करता तेच," ते म्हणाले.

मग त्यांनी आमच्याच फोनवरून एक नंबर फिरवला, दोन शब्द बोलले आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. पलीकडे मुख्यमंत्री होते. आवाज रेडिओवर ऐकलेला, तोच.

"बोरकुटे," ते म्हणाले, "आज राज्य तुमच्या टेबलावर आहे."

एवढंच. फोन ठेवला. मी टाइपरायटरवरचा कपडा काढला, गठ्ठ्यातला वरचा कागद घेतला, रोलरमध्ये सरळ बसवला आणि लिहायला लागलो. 'महोदय, जंगल परिषद या पक्षाचा विद्यमान सरकारला असलेला पाठिंबा कायम आहे. बारा गावांच्या सभेत तसा निर्णय झाला आहे.' 'कृपया' एकदा. सहा ओळी झाल्या. सहीच्या बरोबर दोन बोटं वर मजकूर संपला.

"वा," अप्पासाहेब म्हणाले. "मोत्यासारखं काम."

चारला दहा मिनिटं कमी असताना ते पत्र घेऊन गेले. मी खाली जाऊन कँटीनमध्ये दोन वडे खाल्ले. भूक चांगली लागली होती, हे मला पक्कं आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मास्तर आले. काखेत वर्तमानपत्र होतं, दादरलाच घेतलेलं. अंगात तोच बंद गळ्याचा खादीचा कोट, प्रवासानं चुरगळलेला. त्यांनी पिशवी ठेवली, माठातलं पाणी ओतून घेतलं, उभ्यानंच प्यायले.

"जेवला का?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या हातातला पेला घेऊन माठावर पालथा घातला.

"गठ्ठा आण."

मी आणला. त्यांनी कागद मोजले नाहीत, नुसते अंगठ्यानं फरफर चाळले. "यातलाच होता?"

"हो जी. अप्पासाहेब म्हणाले की तुमचा फोन..."

"स्टेशनवरचा फोन बंद होता. मी कोणालेच नाही केला."

"मास्तर, गावांनी काय ठरवलं?"

"ठरवलं," ते म्हणाले.

काय ठरवलं ते मी पुन्हा विचारलं नाही. त्यांच्या तोंडाकडे पाहून मला समजायला हवं होतं, आणि समजलंही असेल. पण विचारलं नाही की माहीत नाही असं म्हणता येतं. ते पलंगावर बसले, वर्तमानपत्र मांडीवर पसरलं आणि स्वतःच्या नावाचा मथळा वाचत राहिले, जणू पोरांच्या वहीतलं शुद्धलेखन तपासताहेत.

नऊ वाजता अप्पासाहेब आले. या वेळी दारात उभे राहिले, बसले नाहीत.

"मास्तर, रागावला असाल. रागवा. पण आता शांतपणे ऐका. तुमचं पत्र राज्यपालांनी स्वीकारलंय. त्यावर परवा अधिवेशन बोलावलंय, विश्वासाचा ठराव आहे. एका मताचा खेळ आहे. तुम्ही विरोधात गेलात, तर कालचं पत्र कुठून आलं असा प्रश्न निघणार. चौदा तारखेला तुम्ही मुंबईत नव्हता हे बारा गावांना ठाऊक आहे. म्हणजे पत्र खोटं. म्हणजे राज्यपालांची फसवणूक. तक्रार आम्हालाच द्यावी लागेल, नाहीतर आम्ही अडकू." त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "सात वर्षांची कैद आहे त्याला."

"पत्र नेलं कोणी?" मास्तरांनी विचारलं.

"मी नेलं. मला त्यांनी दिलं. मी आपला विश्वास ठेवला."

काल मला अहोजाहो करणारा माणूस आज माझं नावसुद्धा घेत नव्हता. मी भिंतीला टेकलो.

खाली रस्त्यावर मोर्च्याची तयारी चालली होती, कोणीतरी भोंगा तपासत होतं, एक दोन तीन, एक दोन तीन. मग मास्तर माझ्याकडे वळले.

"पोरगी किती वर्षांची झाली रे?"

"चार," मी म्हणालो.

"पाटी आणली होती मी तिच्यासाठी. फोडली का नाही अजून?"

"नाही जी."

त्यांनी मान हलवली आणि अप्पासाहेबांना म्हणाले, "सही माझी आहे. कोऱ्या कागदावर केली, तीही मीच केली. सत्तावीस वर्षं पोरायले सांगत होतो, पूर्ण वाचल्याबिगर खाली नाव टाकू नका." वर्तमानपत्राची घडी घालून ते म्हणाले, "पत्र माझंच आहे. जा तुम्ही."

अप्पासाहेब हात जोडून गेले. दार लागल्यावर मी मास्तरांच्या पायांवर पडलो. रडलो, शपथा घेतल्या, काय काय बोललो. त्यांनी मला उठवलं नाही, लाथाडलंही नाही. "बाथरूममध्ये पाणी आहे का पाहून घे," ते म्हणाले. "दहानंतर जाते."

ठरावाच्या दिवशी मी प्रेक्षक गॅलरीत बसलो होतो. मतदान शिरगणतीनं झालं. ठरावाच्या बाजूचे सदस्य रांगेरांगेनं उभे राहायचे, अधिकारी मोजत जायचे, एकेक रांग खाली बसायची. मास्तर तिसऱ्या रांगेत शेवटी होते. त्यांच्या बाजूचे सगळे उभे राहिले तरी ते बसूनच. अधिकारी त्यांच्यापर्यंत आला, थांबला. मग मास्तर उठले. उठताना त्यांनी डावा हात कोटाच्या वरच्या खिशावर दाबून धरला होता. मला वाटलं, छातीत दुखतंय की काय. मोजून होईपर्यंत त्यांनी तो हात काढला नाही.

सरकार एका मतानं तरलं. पेढे आमच्या मजल्यावरही आले.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे आमच्या भागात तरी. आठ महिन्यांनी मंत्रिमंडळानं धरणाची उंची चार मीटरनं वाढवली. नववं पान कोणी उघडलं नाही. 'केंद्राशी सहकार्य' असा शब्द वापरला. सरकारनं पाच वर्षं पुरी केली, आणि त्या पाच वर्षांत बारा गावं उठली. मास्तरांचं गाव भुरसेटोलाही गेलं. आता मे महिन्यात पाणी उतरलं की त्यांच्या शाळेची भिंत वर येते. मी एकदा पाहायला गेलो होतो, पुन्हा गेलो नाही.

मोहाच्या झाडाखाली दोन दिवस आणि एक रात्र बसून बारा गावांनी एकमतानं ठरवलं होतं, पाठिंबा काढायचा. हे मला गावात गेल्यावर कळलं. रस्त्यावरच्या पोरासोरांनाही ते ठाऊक होतं. म्हणूनच मास्तर विकले गेले, हेही त्यांना ठाऊक होतं. कितीला विकले गेले यावर पानठेल्यावर पैजा लागायच्या. निवडणुकीत डिपॉझिट गेलं. पुनर्वसनाच्या टिनाच्या घरांत राहायला गेल्यावर शेजारपाजारचे त्यांच्याकडे पाणीसुद्धा पीत नसत. मी दुसऱ्या आमदाराकडे लागलो. नऊ वर्षांत दोनदा मास्तरांना भेटलो. दोन्ही वेळा त्यांनी पोरगी कितवीत आहे ते विचारलं, आणि दोन्ही वेळा 'बरं झालं' म्हणाले. त्या पत्राचा शब्द काढला नाही. मीही काढला नाही. काढायला हवा होता. एखाद्या सभेत उभं राहून चार वाक्यं बोलली असती तरी पुरलं असतं. दर वेळी एसटीत बसताना ती वाक्यं मी मनात जुळवायचो, आणि गाव आलं की वाटायचं, पुढच्या खेपेला.

पुढची खेप त्यांच्या तेरवीची. तीनशे माणसांचा स्वयंपाक केला होता. चाळीसेक आले. वरणाचं पातेलं तसंच्या तसं उचलून ठेवताना मी पाहिलं.

जेवणं उरकल्यावर मास्तरांच्या पत्नी सगुणाबाई यांनी मला आतल्या खोलीत बोलावलं. सगळा तालुका त्यांना बाईच म्हणायचा. मोतीबिंदूच्या ऑपरेशनात त्यांचा एक डोळा गेला होता आणि दुसऱ्यानं उजेड तेवढा कळायचा. त्या लोखंडी पेटीला टेकून बसल्या होत्या.

"दार लोट," त्या म्हणाल्या.

मी लोटलं.

"एक विचारतो तुले. खरं सांगजो. त्यायनं पैसे घेतले होते?"

"नाही बाई. एक पैसा नाही. माझ्या पोरीची शपथ."

"हं." त्यांनी सुस्कारा टाकला. "मले वाटतच होतं. पण मंग काहून देलं पत्र? गावानं नाही म्हटलं असताना? मी होती ना तिथं, माझ्यासमोर हो म्हणून उठले ते. नऊ वर्षं विचारलं. एकच म्हणत, सही माझी होती."

त्यांनी पेटी उघडून चाचपडत एक घडी केलेला कागद काढला.

"कपडे वाटाले काढले तं हा त्या कोटाच्या खिशात भेटला. वरच्या. तो कोट त्यायनं मुंबईहून आल्यावर पुन्हा घातलाच नाही, मलेही धुऊ देला नाही. कोणाले दाखवला नाही मी. कागदात काही वाईट असलं, तर इथचे लोक..." त्या थांबल्या. "तू त्यायचा माणूस. तू वाच."

मी घडी उघडली. लेटरहेड होतं. मास्तरांचं हातानं लिहिलेलं अक्षर, गाडीत लिहिल्यासारखं हललेलं. वरती तारीख आणि वेळ. पत्रावर वेळ घालायची त्यांना मास्तरकीपासूनची सवय होती. चौदा फेब्रुवारी, दुपारी पावणेचार, रेल्वेत.

'बारा गावांच्या सभेच्या एकमुखी निर्णयानुसार मी सरकारचा पाठिंबा काढून घेत आहे.' दोनच ओळी. मग खूप मोठी रिकामी जागा. मग सही.

मी रोलरमध्ये कागद बसवत होतो, तेव्हाच त्यांनी हे लिहिलं होतं. आणि एक गोष्ट मी आजवर कोणाजवळ बोललो नाही, ती आता सांगून टाकतो. अप्पासाहेब म्हणाले की मास्तरांचा फोन आला, तेव्हा ते खोटं बोलताहेत हे मला त्याच क्षणी कळलं होतं. मास्तरांनी खोलीवर 'जेवला का' विचारल्याशिवाय मंत्र्याला फोन करणं शक्यच नव्हतं. मला माहीत होतं. तरी मी कपडा काढला आणि टाइप केलं, कारण कोणीतरी मला बोरकुटे म्हणालं होतं.

"काय लिहिलं आहे?" बाईंनी विचारलं.

ते जसंच्या तसं वाचलं असतं तर मास्तर त्या मिनिटाला सुटले असते. बाईंपुढे, चाळीस माणसांपुढे, बारा गावांपुढे. पण मग बाईंनी पुढचा प्रश्न विचारला असता, की मग ते दुसरं पत्र दिलं कोणी. बाहेर अंगणात माणसं होती. माझी पोरगी त्या वर्षी आठवीला होती.

"शिफारसपत्र आहे बाई," मी म्हणालो. माझा आवाज अगदी सरळ निघाला. "मुख्याध्यापकांना लिहिलंय. 'महोदय, कुमारी वनमाला उसेंडी हिला आश्रमशाळेच्या वसतिगृहात कृपया प्रवेश द्यावा. घरची परिस्थिती बिकट आहे. मुलगी माझ्या ओळखीची नाही, पण हुशार आहे.' खाली सही आहे."

"बस?"

"बस एवढंच."

बाहेर कोणीतरी भांडी घासायला घेतली होती.

"आणखी एकदा वाच," त्या म्हणाल्या.

मी कागद पुन्हा डोळ्यांपुढे धरला. समोर त्या दोन ओळी होत्या, त्यांतला प्रत्येक शब्द मला दिसत होता. "'महोदय, कुमारी शकुंतला उसेंडी हिला आश्रमशाळेच्या वसतिगृहात कृपया प्रवेश द्यावा...'" शेवटपर्यंत वाचलं. हुशार आहे, इथपर्यंत.

बाईंनी हात पुढे केला. मी कागद दिला. त्यांनी जुन्या घड्यांवरच घडी घातली, बोटांनी कडा दाबली आणि तो लुगड्याच्या ओच्यात खोचला.

"मघा वनमाला होती," त्या म्हणाल्या.

मी खाली पाहत बसलो. सारवलेल्या जमिनीवर वरणाचा एक थेंब सुकला होता, तो मी नखानं खरवडत राहिलो. उठून जावं असं वाटत होतं आणि उठवत नव्हतं.

"मास्तर म्हणत, हेमराजले कोरा कागद देला तरी वाचून दाखवते." त्या भिंतीचा आधार घेऊन उठल्या आणि चाचपडत चुलीकडे गेल्या. "बस. चहा पिऊन जाय. तुझी बस पाचची आहे."

त्यांनी चहा केला, कपबशी माझ्यापुढे ठेवली आणि समोर बसून राहिल्या. मी चहा प्यालो. बशीतलाही प्यालो.